मणी कोणाचे?

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगत लिंडिसफार्न नावाचे छोटे बेट आहे. तेथील किनाऱ्यावर मध्ये भोक असलेले बारीक दगडी मणी सापडतात. ते संत कथबर्टने घडवले अशी जुनी समजूत होती. लोक ते दोऱ्यात ओवून जपमाळ करीत. खरे म्हणजे हे तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या सागरी प्राण्यांचे अवशेष आहेत.

या प्राण्यांना क्रिनॉइड किंवा समुद्रलिली म्हणतात. १८२१ मध्ये जे. एस. मिलर यांनी या गटाला क्रिनॉइडिया हे नाव दिले. नाव फुलाचे असले तरी ही वनस्पती नव्हे. तारामासा आणि सागरी अर्चिन यांचा हा भाऊबंद. मणी म्हणजे त्याच्या देठाच्या चकत्या. देठाच्या टोकावर चुनखडीच्या पट्टिकांचा पेला असे. पेल्यात आतडी आणि काठावर पिसांसारखे बाहू.

बहुतेक प्राचीन जाती तळाला चिकटून राहत. प्रवाहात बाहू पंख्यासारखे पसरले, की त्यांवरील नलिकापाद वाहते अन्नकण टिपत आणि बाहूंवरच्या पन्हळीतून ते तोंडाकडे जात. देठांची उंची वेगवेगळी असल्याने अनेक जाती एकाच जागी नांदू शकत. प्रत्येकीचा पाण्याचा थर निराळा.

मेल्यावर मात्र काही दिवसांतच हा प्राणी विस्कटतो. म्हणून मणी मुबलक आणि अखंड पेले दुर्मिळ. आणि वर्गीकरण तर प्रामुख्याने पेल्यावर व बाहूंवर अवलंबून! कॅमेराटा गटात पट्टिका घट्ट सांधलेल्या आणि तोंडावर छप्पर. फ्लेक्सिबिलियात सांधे सैल. बाहू पेल्यापासून मोकळे असलेले उरलेसुरले सारे इनॅड्युनाटा. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशातून क्रिनॉइड जेमतेम वाचले. आजच्या सुमारे सहाशे जाती आर्टिक्युलाटा या चौथ्या गटातल्या.

ही चौकट सोयीची होती, पण तिच्यात एक खोट होती. फ्लेक्सिबिलिया आणि आर्टिक्युलाटा हे दोन्ही इनॅड्युनाटांतूनच उपजलेले. म्हणजे आजोबा एका डब्यात, नातवंडे दुसऱ्यात! २०१७ मध्ये वंशसंबंधांवर आधारलेली नवी मांडणी प्रसिद्ध झाली. तिच्यात इनॅड्युनाटाला जागा नाही.

वर्गीकरण शिकवताना आपण गटांची नावे पाठ करून घेतो. त्याऐवजी आम्ही सुचवू, की मुलांसमोर निरनिराळी बटणे ठेवावीत, गट पाडायला सांगावे आणि विचारावे : 'उरलेल्यांचा' गट हा खरोखर गट आहे का?