समुद्राला मिळणाऱ्या गटाराचे पैसे कोणी भरायचे?

पहिला मोठा पाऊस पडून गेला की आमच्या किनाऱ्यावर वाळू कापत जाणारा एक काळपट ओहोळ दिसतो. रस्त्याकडेचं गटार तिथे समुद्राला मिळतं. लहानपणी आम्ही त्यावरून उड्या मारायचो. मोठी माणसं ओरडायची, पण का ओरडतात ते सांगायची नाहीत. या वर्षी पर्यावरणाच्या पेपरसाठी वाचताना मला कळलं की अशाच एका ओहोळावरून अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस परिसरात तीसेक वर्षं वाद, मतदान, कोर्ट असं सगळं झालं आहे. आणि वाद पाणी स्वच्छ कसं करायचं याचा नव्हताच मुळी. ते लोकांना येत होतं. प्रश्न होता पैशांचा.

आधी हे पाणी कुठलं ते समजून घेऊ. लॉस एंजेलिसमध्ये दोन वेगवेगळ्या वाहिन्या आहेत. संडास-मोरीचं पाणी मलवाहिनीतून शुद्धीकरण केंद्रात जातं. रस्त्यावरचं पाणी मात्र पावसाळी गटारातून, काहीही प्रक्रिया न होता, थेट समुद्रात जातं. 'रस्त्यावरचं' म्हणजे फक्त पावसाचं नव्हे. तिथे उन्हाळाभर पाऊस जवळजवळ पडत नाही, तरी गटारं वाहत असतात. कोणी गाडी धुतो, कोणाच्या लॉनचं पाणी जास्त होऊन फुटपाथवर येतं, कोणी हॉटेलचं मागचं अंगण पाइपने धुऊन काढतं. वाटेत त्यात कुत्र्यांची घाण, इंजिनचं तेल, टायरची भुकटी, खत, सिगारेटची थोटकं असं सगळं मिसळतं. आणि हे पाणी नेमकं तिथे बाहेर पडतं जिथे लहान मुलं खेळतात, कारण गटाराच्या तोंडाशी उथळ, कोमट डबकं तयार होतं.

हे पाणी खरंच बाधतं का? १९९५ च्या उन्हाळ्यात सांता मोनिका उपसागरावर संशोधकांनी पोहायला आलेल्या हजारो लोकांना गाठून पुढच्या काही दिवसांत त्यांची तब्येत विचारली. गटाराच्या तोंडासमोर पोहलेले आणि तिथून चारशे यार्डांपलीकडे पोहलेले अशी तुलना केली. तोंडासमोर पोहलेल्यांमध्ये ताप, थंडी, उलट्या, कान वाहणं हे जास्त आढळलं. एका अर्थाने साधीच गोष्ट, आपल्या आज्यांना माहीत असलेली. पण आकड्यांत आल्यावर ती सरकारला टाळता येईना. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला: ज्या किनाऱ्यावर वर्षाला पन्नास हजारांहून जास्त लोक येतात आणि उन्हाळ्यातही गटार वाहतं, तिथलं पाणी एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला तपासायचं आणि मर्यादेपेक्षा जास्त जंतू सापडले तर पाटी लावायची. त्याआधीपासूनच 'हील द बे' ही संस्था किनाऱ्यांना शाळेसारखं प्रगतिपुस्तक देत होती, 'ए'पासून 'एफ'पर्यंत. डोरोथी ग्रीन या बाईंनी १९८५ मध्ये ती सुरू केली. मला वाटतं या सगळ्या गोष्टीतलं सर्वात हुशार काम हेच. जंतूंची संख्या कोणाच्या लक्षात राहत नाही, पण आपला किनारा नापास झालाय हे महापौरालाही झोंबतं.

आता उपाय. सांता मोनिका शहराने लॉस एंजेलिस शहराला सोबत घेऊन तिथल्या प्रसिद्ध पिअरजवळ एक छोटं केंद्र बांधलं, ते २००१ च्या सुमारास सुरू झालं. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली की 'स्मर्फ' होतं, त्यामुळे कार्टूनमधली ती निळी पिल्लं आठवतात. उन्हाळ्यात गटारातून येणारं पाणी समुद्रात न सोडता इथे वळवतात. आधी जाळीवर कचरा अडतो, मग वाळू-माती खाली बसते. नंतर पाण्यात हवेचे अगदी बारीक बुडबुडे सोडतात, त्यांना चिकटून तेल-तवंग वर येतो आणि तो काढून टाकतात. मग अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळण्या, आणि शेवटी अतिनील किरण. दिवसाला पाच लाख गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण १९ लाख लिटर पाणी असं निघतं. ते पिण्यासाठी नाही, बागांना आणि काही इमारतींच्या फ्लशला वापरतात. केंद्र झाकून ठेवलेलं नाही. रस्त्यावरून चालणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसावं असंच बांधलंय. घाणीचं काम लपवायचं नाही, दाखवायचं, हे मला फार आवडलं.

दुसरी पद्धत आणखी साधी. कोरड्या दिवसांत गटारातलं थोडंसं पाणी पंपाने मलवाहिनीत ढकलायचं, म्हणजे ते नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. किनाऱ्यावर अशा अनेक जोडण्या केल्या आहेत. पण पाऊस आला की दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात. एका पावसात येणारं पाणी इतकं असतं की ते कुठल्याच पंपाला आवरत नाही. म्हणून पाऊस पडून गेल्यावर ७२ तास समुद्रात उतरू नका असं तिथलं आरोग्य खातं आजही सांगतं. पावसाचं पाणी आवरायचं तर किनाऱ्यावर नव्हे, वर, शहरात, जिथे ते पडतं तिथेच अडवायला आणि जमिनीत मुरवायला हवं. म्हणजे उद्यानांखाली टाक्या, पाणथळ जागा, पाणी शोषणारे फुटपाथ. म्हणजेच पुष्कळ पैसे.

इथे गोष्ट अडकते. २००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या मतदारांनी 'प्रॉपोझिशन ओ' मंजूर केलं. शहराने ५० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायचे आणि ते घरपट्टीसारख्या करातून हळूहळू फेडायचे. चांगली कामं झाली. एको पार्कचं तळं उपसून नव्याने भरलं. शहराच्या दक्षिण भागात बसगाड्यांच्या जुन्या यार्डाच्या जागी पाणथळ उद्यान झालं. गरीब, दाट वस्तीच्या त्या भागाला मोकळी जागा मिळाली ती वेगळीच. पण कर्जरोख्याच्या पैशातून बांधकाम करता येतं, रोजची चाकरी करता येत नाही. पंपाची वीज, जाळीवरचा कचरा काढणारा माणूस, गाळणी बदलणं, हे दरवर्षीचे खर्च त्यात बसत नाहीत. आपल्याकडे उद्घाटनाची कोनशिला असलेलं पण बंद पडलेलं एखादं शौचालय आठवा. रोग तोच.

मग दरवर्षी शुल्क का नाही लावत? तर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी राज्यघटनेतच एक तरतूद घातली होती: मालमत्तेशी जोडलेलं नवं शुल्क लावायचं तर आधी मतदान घ्या. पिण्याचं पाणी, मलवाहिनी आणि कचरा यांना त्यातून सूट होती. पावसाळी गटाराला मात्र नव्हती! सलिनास या शहराने पावसाळी गटार हीही मलवाहिनीच असं म्हणून पाहिलं, तर २००२ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं नाही. म्हणजे नळपट्टी वाढवायला जे सोपं, तेच गटारासाठी कठीण. एका शब्दाच्या अर्थावर इतके पैसे अडकले हे वाचून साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला थोडं हसूच आलं. २०१३ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने तरी एक प्रस्ताव आणला, पण लोक चिडले, शाळांनीही विरोध केला आणि तो बारगळला.

विरोध करणारे सगळे दुष्ट होते असं मला म्हणायचं नाही. समुद्रापासून चाळीस-पन्नास किलोमीटर आत राहणारा माणूस विचारतो, मी किनाऱ्यावर वर्षातून एकदा जातो, मग मी का भरू? प्रश्न रास्त वाटतो. पण त्याच्याच गल्लीतला कचरा नदीतून खाली येऊन लाँग बीचच्या वाळूवर पडतो, आणि लाँग बीचवाल्यांनी तो वर्षानुवर्षं उचलला आहे. नदीच्या तोंडाशी राहणाऱ्यानेच सगळ्या शहराचं बिल भरायचं, हे त्याहून कमी रास्त.

शेवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये काउंटीत 'मेझर डब्ल्यू' मतदानाला आलं. मंजुरीला दोन तृतीयांश मतं लागणार होती आणि ती मिळाली. यातली युक्ती मोजमापात आहे. तुमचं घर केवढ्याचं, हे इथे बघत नाहीत. तुमच्या जागेत पाणी मुरू न देणारी जमीन किती, ते मोजतात: छप्पर, काँक्रीट, डांबर. दर चौरस फुटाला वर्षाला अडीच सेंट. सार्वजनिक शाळांना सूट, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांनाही सूट मिळू शकते. साधारण २८ कोटी डॉलर दरवर्षी जमतात. त्यातले निम्मे मोठ्या प्रादेशिक कामांना, चाळीस टक्के शहरांना आणि दहा टक्के काउंटीच्या पूरनियंत्रण खात्याला. मुख्य म्हणजे हे पैसे देखभालीवरही खर्च करता येतात. कामं हळू होतात अशी टीका आहे, आणि पहिल्या पावसानंतर पाट्या अजून लागतातच.

हे वाचल्यावर मी आमच्या घरची घरपट्टीची पावती काढून पाहिली. त्यात अंगणाचा उल्लेखच नाही. मागच्या वर्षी फेस्ताच्या आधी पप्पांनी अंगणात पेव्हर घातले, चिखल नको म्हणून. मी टेप घेऊन मोजलं: अंगण सहाशे चौरस फूट, छप्पर अकराशे. लॉस एंजेलिसच्या हिशोबाने वर्षाला साडेबेचाळीस डॉलर. पप्पा म्हणाले, "आणि हे पाणी जातं कुठे?" पाऊस होताच, म्हणून छत्री घेऊन आम्ही दोघं त्याच्या मागे मागे गेलो. अंगणातून रस्त्याच्या गटारात, गटारातून चॅपेलच्या मागे, तिथून सरळ खाजन शेतात. शेतकरी बांधावर उभा होता. पाण्यावर तेलाचा पातळ रंगीत थर तरंगत होता.