मांजरपाटावरचा समुद्र

गेल्या वर्षी पाय मोडून मी दीड महिना अंथरुणाला खिळले होते. एकतीस वर्षं शाळेत शिवण शिकवलेला हात गप्प कुठला बसणार? भाचीकडून रिंग, सुया, रेशमाच्या लडी मागवल्या. पहिल्याच दिवशी कळलं, की उताणं पडून टाका घालणं हे वेगळंच काम आहे. हात सतत अधांतरी धरावे लागतात, दहा मिनिटांत खांदे भरून येतात. कापडापलीकडे गेलेली सुई दिसत नाही, चाचपून शोधावी लागते, आणि सुटली की नेमकी गळ्याशी येऊन पडते. वीतभर वेल पुरी करायला मला नऊ दिवस लागले.

त्याच दिवसांत भाचीनं ज्युलिया ब्लॅकबर्न यांचं 'थ्रेड्स' हे २०१५ साली आलेलं पुस्तक हातात ठेवलं. त्यात मला जॉन क्रास्क भेटला. इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावरचा मच्छीमार. आजारपणात पडल्या पडल्या या माणसानं सुईनं समुद्र भरला. वेलीचे नऊ दिवस ताजे होते म्हणून असेल, पण ती चित्रं पाहून मी अक्षरशः हात जोडले.

क्रास्कचा जन्म १८८१चा, शेरिंगहॅम गावचा. घराणं मासेमारीचं, हाही लहानपणीच होडीवर गेला. पुढे डेरहॅम या समुद्रापासून आत असलेल्या गावी मासळीचं दुकान टाकलं. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, तो सैन्यात भरती झाला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून कोसळला. मेंदूत गळू झाल्याचं निदान झालं. तेव्हापासून अधूनमधून त्याची शुद्ध हरपल्यासारखी होई, आणि ती अवस्था कितीही दिवस टिके. डॉक्टर म्हणाले, याला समुद्राजवळ न्या. बायको लॉरा त्याला किनाऱ्यावर घेऊन गेली. बरं वाटेल तेव्हा तो खेळण्यातल्या होड्या करी, आणि घरात हाताला लागेल त्यावर बोटी रंगवी. कुणी शिकवलेलं नव्हतं.

पुढे उठून बसणंही जमेना, तेव्हा ब्रश सुटला. इथं लॉरानं जे केलं ते मला फार मोठं वाटतं. तिकडे नाताळचं पुडिंग फडक्यात बांधून शिजवतात. त्यासाठी आणलेला मांजरपाट घरात होता. तो तिनं चौकटीवर ताणून बसवला आणि नवऱ्याला टाका कसा घालायचा ते दाखवलं. (मांजरपाटाला इंग्रज 'कॅलिको' म्हणतात, आणि हे नाव आपल्या कालिकतवरून पडलेलं आहे.) म्हणजे त्याला गुरू नव्हता असं म्हणायचं तर तेवढ्यापुरतं लॉराचं नाव बाजूला ठेवावं लागेल. मला ते पटत नाही. सुई तिची होती; समुद्र मात्र त्याचा.

आता त्या टाक्यांबद्दल. वर्गात मी मुलींना सांगत आले: भरीव टाका एका दिशेनं घाला, दोरा सारखा ओढा, कापडाला सुरकुती येऊ देऊ नका. क्रास्कचा टाका पाण्याच्या मागून जातो. लाट चढते तसा टाका चढतो, वळते तिथं वळतो. एका निळ्याशेजारी दुसरा निळा, मधेच राखाडी, त्यात हिरवट, असं करत पाण्याला वजन येतं. रंगानं जे ब्रशच्या एका फटकाऱ्यात होतं, ते इथं शेकडो वेळा सुई खालीवर करून झालेलं आहे. तरी ती लाट दमलेली दिसत नाही. शिडं आणि दोर पाहावेत. ज्याच्या हातानं ते दोर ओढले आहेत, त्यालाच ते तसे घालता येतील.

मी रत्नागिरीची. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जाळी सांधत बसलेले लोक लहानपणापासून पाहिलेत. धागा, गाठ, ताण यांची समज त्या बोटांना आमच्या शिवणवर्गापेक्षा जास्त असते. क्रास्कच्या हातात सुई आली तेव्हा ते हात धाग्याला नवे नव्हते, असं मला ठामपणे वाटतं.

कवयित्री व्हॅलेंटाइन अ‍ॅकलंड यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्याचं काम पाहिलं. त्या आणि त्यांच्या जोडीदार, कादंबरीकार सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर, ते विकत घेऊ लागल्या. १९२९ मध्ये लंडनला प्रदर्शनही झालं. नंतर मात्र त्याचा बराचसा विसर पडला.

त्याचं सगळ्यात मोठं काम डंकर्कचं. १९४० मध्ये, २६ मे ते ४ जून या दहा दिवसांत, फ्रान्सच्या त्या किनाऱ्यावर अडकलेले ३,३८,००० हून अधिक सैनिक बोटींतून इंग्लंडला आणले गेले. युद्धनौकांच्या जोडीला मासेमारीच्या आणि हौशी लोकांच्या लहान लहान होड्याही गेल्या होत्या. क्रास्कला या बातम्या घरीच मिळाल्या. त्यावरून त्यानं माणसाच्या उंचीच्या दुपटीइतकी तरी लांब पट्टी भरायला घेतली: वाळूवर रांगा लावलेली माणसं, बोटी, धूर, पाणी. लोकांना लगेच बायोची टॅपेस्ट्री आठवते. टॅपेस्ट्री म्हणजे खरं तर मागावर विणलेलं चित्र. पण अकराव्या शतकातली, सुमारे ७० मीटर लांबीची ती बायोची पट्टी लिननच्या कापडावर लोकरीनं भरलेली आहे. म्हणजे तीही आमच्याच जातीची, भरतकामच.

१९४३ मध्ये क्रास्क वारला. डंकर्कच्या आभाळाचा एक तुकडा भरायचा राहिला. ते काम आज नॉर्विच कॅसलच्या संग्रहालयाकडे आहे, त्या कोऱ्या जागेसकट.

आमच्या शाळेच्या प्रदर्शनात चित्रं हॉलच्या भिंतीवर लागत आणि भरतकाम जिन्याखालच्या टेबलावर, पापड-लोणच्यांच्या बाटल्यांशेजारी. मी दरवर्षी मुख्याध्यापकांशी भांडत असे. क्रास्क तेव्हा माहीत असता तर त्याचाच दाखला दिला असता.

माझ्या आईनं दुसुतीवर फुलीच्या टाक्यानं भरलेला मोर आमच्या माजघरात आहे. मोराच्या गळ्याला तिनं निळ्याच्या सहा छटा वापरल्यात. पण काचेच्या चौकटीवर कुठंही तिचं नाव नाही. परवा चौकट उतरवली आणि मागच्या पुठ्ठ्यावर पेनानं लिहिलं: आईचं नाव, गाव, आणि मावशीला विचारून साल, १९५८. तुमच्याही घरात आजीचा तोरणाचा पट्टा, आत्याची उशी, कपाटात घडी करून ठेवलेला रुमाल असेल. ज्यांना माहीत आहे ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या आणि मागे नाव लिहून ठेवा.