उंदराची भीति आणि मेंदूंतील स्निग्ध दूत

नाशिकच्या द्वारका चौकांत मुंबई-आग्रा व नाशिक-पुणें हे रस्ते मिळतात. पुढें कोंडी झाली कीं ती खबर उलट मागें पोंचवावी लागते. नाहींतर वाहनें येतच राहतात. मेंदूंतही असा उलटा निरोप चालतो. संदेशांचा भडिमार झाला कीं तो घेणारी पेशी स्वतःच्या आवरणांतील स्निग्ध द्रव्यापासून एक दूत घडविते. तो संदेश धाडणाऱ्या पेशीकडे जाऊन तिला आवरतो.

अशा दूतांपैकीं पहिला १९९२ सालीं जेरुसलेमच्या संशोधकांनीं डुकराच्या मेंदूंतून वेगळा केला व संस्कृत 'आनंद' शब्दावरून त्यास 'आनंदामाइड' म्हटलें. नांव गोड खरें. परंतु त्याचें काम हर्ष देण्यापेक्षां भय आवरण्याचें अधिक.

उंदरास अरुंद नळींत कोंडलें कीं आनंदामाइड तोडणारें विकर त्याच्या मेंदूंत बळावतें, आणि अमिग्डला या भयाच्या ठाण्यांत दूत उणा पडतो. मग उंचावरील चौफांटी पट्टीवर सोडलें असतां तो भिंतींच्या आडोशाच्या बाजूंतच दडून राहतो. उघड्या बाजूंवर जाण्यास धजत नाहीं. अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या २०२० सालच्या प्रयोगांत '२-एजी' या दुसऱ्या दूताविषयींही तेंच दिसलें: तणावानें त्याचा लगाम ढिला होऊन अमिग्डला व कपाळामागील मेंदू यांतील दुवा बळकट झाला आणि चिंता वाढली.

तेव्हां तें विकरच रोखावें, हा विचार सहज सुचतो. उंदरांत तो फळलाही. पण २०१६ सालीं फ्रान्समधील रेन येथें अशा एका औषधाच्या चाचणींत एक मनुष्य दगावला; तें औषध इतरही विकरांना अडवीत होतें, हें पुढें उघड झालें.