मॉर्मन आणि अन्य ख्रिस्ती पंथ : धार्मिक मान्यता व मैत्री यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :

ख्रिस्ती धर्मातील आंतरपंथीय संबंधांचा अभ्यास बहुधा रोमन कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील संघर्षापाशी सुरू होतो व त्यांच्या समेटापाशी थांबतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात उदयास आलेल्या मॉर्मन पंथाचा अन्य ख्रिस्ती पंथांशी असलेला संबंध त्या मानाने उपेक्षित राहतो. वस्तुतः तो अधिक गुंतागुंतीचा आहे. येथील वाद एखाद्या सिद्धान्तापुरता मर्यादित नसून 'ख्रिस्ती' हे नाव कोणी लावावे, असा आहे. मॉर्मन स्वतःला निःसंशय ख्रिस्ती मानतात, तर बहुतेक प्रमुख चर्चसंस्था त्यांचा बाप्तिस्मा ग्राह्य धरीत नाहीत. असे असूनही गेल्या काही दशकांत या दोहोंमध्ये संवाद वाढला, सहकार्य घडले आणि काही अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ टिकलेली मैत्रीही निर्माण झाली. ही मैत्री मतभेद कमी झाल्यामुळे निर्माण झाली, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पंथाचे स्वरूप व मतभेदाचे मूळ :

पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यांचे तारुण्य न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात गेले. त्या काळी तेथे निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांच्या प्रचारसभांचा गदारोळ माजला होता. यांपैकी कोणता पंथ खरा, या प्रश्नाने व्याकुळ होऊन १८२० मध्ये आपण रानात प्रार्थना केली, तेव्हा देवपिता व येशू ख्रिस्त यांनी दर्शन दिले आणि कोणत्याही पंथात सामील न होण्याची आज्ञा केली, असे स्मिथ यांचे निवेदन आहे. १८३० मध्ये त्यांनी 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला व त्याच वर्षी ६ एप्रिल रोजी चर्चची स्थापना केली. 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' हे या चर्चचे अधिकृत नाव होय. 'मॉर्मन' हे नाव आरंभी विरोधकांनी दिलेले असून, त्याऐवजी पूर्ण नाव वापरावे, असा आग्रह चर्चचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये धरला. प्रस्तुत लेखात केवळ सोयीसाठी रूढ नाव योजले आहे. चर्चच्या स्वतःच्या आकडेवारीनुसार सभासदसंख्या १ कोटी ७० लाखांहून अधिक आहे.

इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेपासून विकसित झालेल्या त्रैक्याच्या सिद्धान्तानुसार पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तत्त्वतः एकच ईश्वर होत. मॉर्मन मतानुसार ते तीन पृथक् व्यक्ती असून त्यांचे ऐक्य हेतूचे आहे, तत्त्वाचे नव्हे. एवढेच नव्हे, तर देवपित्याला मांसास्थींचा देह आहे, असेही हा पंथ मानतो. बायबलखेरीज अन्य ग्रंथांनाही तो पवित्र शास्त्राचा दर्जा देतो. प्रेषितांच्या मृत्यूनंतर ख्रिस्ताने दिलेला धार्मिक अधिकार पृथ्वीवरून नष्ट झाला व तो स्मिथ यांच्याद्वारे पुनःस्थापित झाला, अशी त्याची धारणा आहे.

या शेवटच्या धारणेकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. नाकारले जाण्याचे दुःख मॉर्मनांच्या वाट्याला आले, हे खरेच. परंतु अधिकारलोपाचा सिद्धान्त मांडून मधल्या सतरा-अठरा शतकांतील समस्त चर्चचा अधिकार त्यांनीही नाकारलेला आहे. मेथडिस्ट वा कॅथलिक व्यक्ती मॉर्मन झाल्यास तिला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो. नकार दोन्ही बाजूंनी आहे, हे ध्यानात न घेतल्यास पुढील इतिहासाचा उलगडा होत नाही.

वैराचा इतिहास :

१८३८ मध्ये मिसूरी राज्यातील संघर्ष विकोपाला गेला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी मॉर्मनांना राज्यातून हुसकावून लावावे, अन्यथा त्यांचा समूळ नायनाट करावा, असा लेखी हुकूम काढला. तीनच दिवसांनी हॉन्स मिल या वस्तीवर सशस्त्र जमावाने केलेल्या हल्ल्यात १७ मॉर्मन मारले गेले. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यातील कार्थेज येथील तुरुंगात खुद्द स्मिथ यांची जमावाने हत्या केली. ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडे निघाले व १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात स्थायिक झाले. १८५२ मध्ये त्यांनी बहुपत्नीत्वाचा जाहीर पुरस्कार केला, तेव्हा उर्वरित अमेरिकेचा रोष शिगेला पोहोचला. १८९० मध्ये चर्चने ही प्रथा सोडत असल्याचे जाहीर केल्यावरच १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाला.

मॉर्मनांच्या बाजूनेही रक्तपात झाला. ११ सप्टेंबर १८५७ रोजी माउंटन मेडोज येथे मॉर्मन सशस्त्र दलाने, काही पाइयूट आदिवासींना हाताशी धरून, आर्कान्सॉहून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या स्थलांतरितांच्या तांड्यातील सुमारे १२० स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल केली.

या वैराचा एक लहानसा धागा महाराष्ट्रापर्यंत येऊन पोहोचतो. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईत आले व नंतर पुण्यास गेले. तेथे त्यांनी अल्पसंख्य सभासदांची एक शाखाही स्थापन केली. त्यांना विरोध झाला तो प्रामुख्याने इंग्रजी वृत्तपत्रे, लष्करी अधिकारी व अन्य ख्रिस्ती धर्मोपदेशक यांच्याकडून. अमेरिकेतील पंथवैर समुद्र ओलांडून पुण्याच्या छावणीपर्यंत आले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

आरंभीची दोन उदाहरणे :

तथापि त्याच काळात याहून वेगळ्या घटनाही घडत होत्या. मिसूरीतून हाकलले गेलेले हजारो मॉर्मन १८३८-३९ च्या हिवाळ्यात मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉयमधील क्विन्सी या गावी आले, तेव्हा तेथील नागरिकांनी त्यांना आसरा, अन्न व काम दिले. हे नागरिक मॉर्मन नव्हते. मॉर्मनांचा सिद्धान्त त्यांना पटला होता, असे मानण्यासही आधार नाही. पुढे स्मिथ यांनी वसविलेल्या नॉव्हू नगरीत १८४१ मध्ये एक वटहुकूम संमत झाला. त्यान्वये कॅथलिक, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट आदी पंथांना, तसेच मुसलमानांनाही, धर्माचरणाची समान मुभा देण्यात आली.

दुसरे उदाहरण अधिक हृद्य आहे. दक्षिण यूटात सिल्व्हर रीफ येथे चांदीच्या खाणी सुरू झाल्यावर अनेक आयरिश कॅथलिक खाणकामगार तेथे आले. फादर लॉरेन्स स्कॅनलन हे त्यांचे धर्मगुरू होते. १८७९ च्या मे महिन्यात जवळच्या सेंट जॉर्ज या मॉर्मन गावातील टॅबरनॅकल, म्हणजे भव्य सभागृह, मॉर्मनांनी त्यांना मिस्सासाठी उपलब्ध करून दिले. मिस्साच्या लॅटिन गायनासाठी कॅथलिकांकडे गायकवृंद नव्हता. तेव्हा जॉन मॅकफार्लेन यांच्या मॉर्मन गायकवृंदाने लॅटिन उच्चार शिकून, तालीम करून ते गायन पार पाडले. त्रैक्याचा उच्चार असलेले ते शब्द गाताना गायकांनी आपला विश्वास बदलला नाही. धर्मगुरूंनीही त्यांच्याकडून तशी अपेक्षा ठेवली नाही. पुढे १८९१ मध्ये स्कॅनलन सॉल्ट लेकचे पहिले बिशप झाले.

स्टेंडाल यांची त्रिसूत्री :

अशा घटना तुरळक होत्या. त्यांना विचाराची बैठक मिळाली ती फार उशिरा, आणि तीही अमेरिकेबाहेर. १९८५ मध्ये स्वीडनमध्ये स्टॉकहोमनजीक मॉर्मन मंदिर उभे राहत असताना त्यास विरोध होऊ लागला. त्या वेळी स्टॉकहोमचे लूथरन बिशप, नव्या कराराचे ख्यातनाम अभ्यासक व हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूलचे माजी अधिष्ठाता क्रिस्टर स्टेंडाल यांनी पत्रकार परिषद घेऊन तीन पथ्ये सांगितली. एखाद्या धर्माविषयी जाणून घ्यावयाचे असल्यास त्याच्या शत्रूंना नव्हे, तर अनुयायांना विचारावे. आपल्यातील उत्तमाची तुलना दुसऱ्याच्या अधमाशी करू नये. आणि 'पवित्र असूये'साठी मनात जागा ठेवावी. दुसऱ्याच्या परंपरेत असे काही आढळावे की ते आपल्याकडे असते तर बरे, असे वाटावे, हा तिसऱ्या पथ्याचा आशय. स्वतः स्टेंडाल यांना अशी असूया वाटली ती मृतांसाठी केल्या जाणाऱ्या बाप्तिस्म्याविषयी. हा विधी मॉर्मनांवरील टीकेचा नेहमीचाच विषय आहे, हे लक्षात घेता या निवडीचे मोल कळते. प्राचीन काळातील या प्रथेवर त्यांनी १९९२ च्या 'एन्सायक्लोपीडिया ऑफ मॉर्मनिझम'साठी नोंदही लिहिली.

यांपैकी एकही पथ्य मतैक्याची मागणी करीत नाही, ही बाब महत्त्वाची आहे. दुसऱ्याविषयी बोलताना सत्याशी प्रामाणिक राहावे, एवढीच अपेक्षा तेथे आहे. त्यानंतरचा सर्वाधिक फलदायी संवाद याच दिशेने झाला. १९९७ मध्ये डेन्व्हर सेमिनरीचे क्रेग ब्लोमबर्ग व ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे स्टीफन रॉबिन्सन यांनी 'हाऊ वाइड द डिव्हाइड?' हा ग्रंथ संयुक्तपणे लिहिला. प्रत्येक प्रश्नावर दोघांनी आपापली भूमिका स्वतंत्रपणे मांडावयाची व अखेरीस सहमती कोठे, मतभेद कोठे, हे एकत्र लिहावयाचे, अशी त्याची रचना आहे. दोघांपैकी कोणीही आपली भूमिका सोडली नाही.

१४ नोव्हेंबर २००४ रोजी सॉल्ट लेक सिटीच्या टॅबरनॅकलमध्ये इव्हँजेलिकल वक्त्यांची सभा झाली. शतकाहून अधिक काळानंतर असा योग आला होता. फुलर थिऑलॉजिकल सेमिनरीचे तत्कालीन अध्यक्ष रिचर्ड माउ यांनी त्या प्रसंगी मॉर्मन श्रोत्यांची जाहीर क्षमा मागितली. आम्ही तुम्हांविरुद्ध पाप केले आहे. तुम्ही काय मानता हे तुम्हांस न विचारता आम्हीच तुम्हांस सांगत आलो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. माउ यांच्यावर स्वपक्षीयांनी कठोर टीका केली. परंतु मॉर्मन सिद्धान्त बरोबर आहे, असे ते कोठेही म्हणाले नव्हते. त्यांची कबुली दहा आज्ञांपैकी शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याच्या आज्ञेच्या भंगाची होती. क्षमायाचनेच्या या मर्यादित स्वरूपातच तिचे बळ होते, असे दिसते.

मॉर्मनांनाही या पथ्याची कसोटी लागू होतेच. त्यांच्या मंदिरातील विधीत दीर्घकाळ अन्य पंथीय धर्मोपदेशकाचे प्रतिकूल चित्रण होते. १९९० मध्ये ते वगळण्यात आले. २००७ मध्ये माउंटन मेडोजच्या कत्तलीला दीडशे वर्षे झाली, तेव्हा चर्चच्या वतीने हेन्री आयरिंग यांनी जाहीर खेद व्यक्त केला. मिसूरीचा नायनाटाचा हुकूम तत्पूर्वीच, १९७६ मध्ये, तेथील गव्हर्नरांनी रद्द केला होता.

राजकीय जवळीक :

सर्वच जवळिकीला समजुतीचे फळ मानणे मात्र धाडसाचे ठरेल. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी घालणाऱ्या प्रस्तावाच्या बाजूने कॅथलिक व मॉर्मन एकत्र आले. त्यासाठी पुढाकार घेणारे आर्चबिशप जॉर्ज निडरावर हे पूर्वी सॉल्ट लेकचे बिशप होते, म्हणजे जुना परिचय येथे कामी आला. २०१२ मध्ये मॉर्मन असलेले मिट रॉम्नी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवीत असताना बिली ग्रॅहॅम यांच्या संघटनेने पाखंडी पंथांच्या यादीतून मॉर्मनांचे नाव काढून टाकले. ग्रॅहॅम व रॉम्नी यांची भेट होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्या अल्पावधीत कोणता नवा धर्मशास्त्रीय विचार झाला, याचा शोध घेऊ गेल्यास हाती काही लागत नाही. निवडणुकीच्या गरजेतून आलेले असे सौजन्य आणि ब्लोमबर्ग-रॉबिन्सन यांचा श्रमपूर्वक संवाद यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

त्या तुलनेत मदतकार्यातील सहकार्य अधिक टिकाऊ ठरले. इथिओपियातील दुष्काळासाठी २७ जानेवारी १९८५ रोजी मॉर्मनांनी विशेष उपवास करून वाचलेल्या जेवणाचा खर्च दान केला. त्यातून ६० लाख डॉलरहून अधिक निधी जमला व त्याच्या विनियोगात कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस ही संस्था सहभागी झाली.

मान्यतेचा प्रश्न :

५ जून २००१ रोजी व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्तविषयक मंडळाने मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य आहे काय, या प्रश्नाला नकारार्थी उत्तर दिले. उत्तरावर कार्डिनल जोसेफ रॅट्झिंगर यांची स्वाक्षरी होती. विधीच्या वेळी उच्चारले जाणारे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे शब्द दोहींकडे आहेत; परंतु त्यांतून अभिप्रेत असलेला अर्थ मूलतः भिन्न आहे, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. २००८ मध्ये व्हॅटिकनने धर्मप्रांतांना आणखी एक सूचना केली. मृतांसाठीच्या बाप्तिस्म्याकरिता उपयोग होऊ नये म्हणून चर्चमधील जन्म-बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या मॉर्मनांच्या वंशावळी संस्थेस देऊ नयेत, असे तीत म्हटले होते. स्टेंडाल यांना ज्या विधीची असूया वाटली, तोच विधी येथे आक्षेपाचे कारण ठरला आहे. आपल्या दिवंगत श्रद्धावंतांच्या वतीने दुसऱ्याने विधी करावा, हे कॅथलिकांना मान्य होण्यासारखे नव्हते, व त्यांच्या दृष्टीने ते स्वाभाविकच होय.

या दोन्ही निर्णयांमुळे संबंध तुटावयास हवे होते. प्रत्यक्षात ९ मार्च २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये रसेल नेल्सन यांची भेट घेतली. पोप व मॉर्मन चर्चचे अध्यक्ष यांची ही इतिहासातील पहिलीच भेट होती. दुसऱ्या दिवशी, १० मार्च रोजी, नेल्सन यांनी रोम येथील मॉर्मन मंदिराचे समर्पण केले. २००१ चा निर्णय या भेटीने बदलला नाही. कॅथलिक होऊ इच्छिणाऱ्या मॉर्मन व्यक्तीस आजही नव्याने बाप्तिस्मा घ्यावा लागतो, आणि मॉर्मन होऊ इच्छिणाऱ्या कॅथलिकासही तो तसाच घ्यावा लागतो.