दहा लाखांचा खप आणि शेवटचा अंक

निक लोगन यांनी १९७८ मध्ये इंग्लंडात ‘स्मॅश हिट्स’ हे कुमारवयीनांचे संगीत-नियतकालिक सुरू केले. लोकप्रिय गीतांचे छापील शब्द हे त्याचे खरे भांडवल. रेडिओवर ऐकलेले गाणे शब्दांसह हाती पडावे, यासाठी मुले खाऊचे पैसे मोजीत. १९८० च्या दशकाअखेर खप दहा लाखांवर गेला. पुढे संगीतवाहिन्या, इंटरनेट व मोबाइल आले. तेच शब्द, तीच छायाचित्रे तत्काळ व विनामूल्य मिळू लागली. फेब्रुवारी २००६ मध्ये अखेरचा अंक निघाला. नाव सर्वतोमुखी होते. गिऱ्हाईक उरले नव्हते. ताळेबंदात नावलौकिकाला मोल असते, परंतु गल्ला भरतो तो गरजेमुळे. पिढीजात पेढी मुलांच्या हाती सोपविताना हा हिशेबही समजावून द्यावा.