निदानाच्या नावातील फेरबदल

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी १९४४ साली वर्णिलेल्या आणि लॉर्ना विंग यांनी १९८१ मध्ये ‘आस्पर्गर सिंड्रोम’ असे त्यांचेच नाव देऊन रूढ केलेल्या अवस्थेस १९९४ साली अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या निदानग्रंथात स्थान मिळाले. परंतु एकाच प्रकारच्या मुलाला निरनिराळ्या दवाखान्यांत निरनिराळी नावे मिळतात, असा अनुभव आल्यामुळे २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतून ती संज्ञा खारीज झाली आणि हे सारे ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’मध्ये समाविष्ट झाले. जुने निदान पक्के असलेल्यांना नवे निदान द्यावे, अशी तरतूद ग्रंथातच होती. पण तरतुदीने मन निवत नाही. ज्याला आयुष्यभर विक्षिप्त, घमेंडखोर म्हणून हिणवले गेले आणि प्रौढ वयात या एका नावामुळे स्वतःचा उलगडा झाला, त्याला ते हिरावले जाणे जिव्हारी लागले, यात मला तरी काहीच नवल वाटत नाही. उलट, त्या नावामुळे ‘बुद्धिमान’ आणि ‘इतर’ अशी प्रतवारी होत असल्याने कित्येक ऑटिस्टिक व्यक्तींनी त्याचा त्याग स्वेच्छेने केला. पुढे, ज्या ‘श्पीगेलग्रुंड’ संस्थेत अपंग बालकांची हत्या होत असे, तेथे आस्पर्गर यांनी मुले धाडल्याचे इतिहासकार हेरविग चेक यांनी २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी दाखवले, तेव्हा अनेकांना ते नाव उच्चारणेही असह्य झाले.