क्लिंग फिल्म नसेल तर कणीक कुठे ठेवायची?

अर्धं कलिंगड, वाटीभर चटणी, सकाळची उरलेली कणीक. यावर पातळ पारदर्शक फिल्म ताणून बसवली की निर्धास्त व्हायचं, ही सवय आता बऱ्याच शहरी घरांत मुरली आहे. ती सोडायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘मग अन्न टिकणार कसं?’ फिल्ममुळे अन्न टिकतं, हे या प्रश्नात धरूनच चाललेलं असतं. गोंधळाची सुरुवात तिथेच आहे.

या वस्तूच्या जन्माचा जेवणाशी काही संबंध नव्हता. 1933 साली अमेरिकेत डाऊ केमिकलच्या प्रयोगशाळेत राल्फ वायली या तरुणाला काचेच्या भांड्याला चिकटलेलं एक रसायन घासून निघेना. त्यातून जे प्लास्टिक तयार झालं ते लष्कराने आपल्या सामानाला समुद्राची खारी हवा लागू नये म्हणून वापरलं. स्वयंपाकघरात ते मागाहून आलं. आजचे रोल बहुतेक पॉलिथिनचे किंवा पीव्हीसीचे असतात. ओलावा आत धरणं आणि बाहेरची हवा, वास अडवणं एवढंच त्यांचं काम, आणि ते घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाही करतो. अन्न नासवणारे जिवाणू बहुतेक वेळा झाकण्याआधीच त्यात असतात. त्यांना आवर घालतं ते तापमान. साधारण 5 ते 60 अंश सेल्सियस या टप्प्यात ते झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. विदर्भातल्या मे महिन्यात तर तासाभरातच.

सगळ्यात जास्त बेफिकिरी भाताच्या बाबतीत दिसते. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा. ‘एवढ्या कडकडीत फोडणीत काय जिवंत राहणार?’ असं वर म्हणायचं. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही टिकून राहतात. पुढे भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं हे विष फोडणीच्या उष्णतेलाही दाद देत नाही. फोडणीचा भात सोडायची मुळीच गरज नाही, मात्र त्यासाठीचा भात रात्री फ्रिजमध्ये होता की ओट्यावर, हे महत्त्वाचं.

इथे लगेच आडवी येते ती दुसरी समजूत: गरम पदार्थ फ्रिजमध्ये ठेवला की बिघडतो. मग आमटी पूर्ण गार होण्याची वाट पाहता पाहता मालिका संपते, घर झोपतं आणि आमटी ओट्यावरच राहते. भरलेलं मोठं पातेलं वाफाळत आत ठेवलं तर फ्रिज तापेल आणि शेजारच्या दुधालाही झळ लागेल, हे खरं. पण त्यावर उपाय सोपा आहे. पातेलं परातभर गार पाण्यात बसवायचं, वाफ गेली की आमटी दोन-तीन पसरट डब्यांत ओतायची आणि कोमट असतानाच आत ठेवायची. स्टील उष्णता पटकन सोडतं, त्यामुळे इथे ते प्लास्टिकच्या डब्याहून सरस ठरतं.

आता कणीक. शिळी कणीक म्हणजे पिंड, ती घरात ठेवली की भुतं येतात, हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून उगवतो. भुतांचं सोडून देऊ. कणीक काळी पडते हे मात्र खरं, आणि तिला काळं करतं गव्हाच्या कोंड्यातलं एक विकर. हवेतल्या प्राणवायूशी गाठ पडली की ते रंग बदलायला लागतं. मैद्यात कोंडा जवळजवळ नसतो, म्हणून मैद्याचा गोळा त्या मानाने पांढरा राहतो. काळसर झालेली कणीक विषारी नसते. आंबूस वास आला, बोटाला चिकट तार आली, तर मात्र ती टाकायची. कणकेला हवा लागू नये हाच उद्देश असेल तर फिल्म कशाला हवी? गोळ्याला तेलाचा हात फिरवायचा आणि तो जेमतेम मावेल अशा लहान डब्यात दाबून बसवायचा. चूक होते ती मोठ्या डब्यात लिंबाएवढा गोळा ठेवण्यात, कारण डब्यातली उरलेली सगळी जागा हवेची असते. अशी कणीक फ्रिजमध्ये एक-दोन दिवस चांगली राहते. लाटण्याआधी ती थोडा वेळ बाहेर काढून ठेवली की झालं.

पालेभाजीचं उलटं आहे. तिला कोंडून ठेवणं मानवत नाही. तोडल्यावरही पानांचं श्वसन चालू असतं, प्लास्टिकमध्ये त्याचं पाणी साठतं आणि कोथिंबीर आतून काळी, बुळबुळीत होते. निवडलेली कोरडी कोथिंबीर सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली तर जास्तीचं पाणी फडकं शोषतं. पोळ्यांच्या डब्यात तळाशी फडकं घालतात ते याच कारणासाठी. गाजर-मुळ्याला मात्र ओलं फडकं हवं, कोरड्या हवेत ते मलूल पडतात. आणि चिरलेला कांदा ‘हवेतले जंतू ओढून घेतो’ म्हणून फेकून द्यायचं काहीच कारण नाही. डबाबंद करून फ्रिजमध्ये ठेवावा, वापरावा.

प्लास्टिक नको म्हणून हात जातो तो वर्तमानपत्राकडे. हा बदल फिल्मपेक्षा वाईट आहे. छपाईच्या शाईत शिशासारखे घटक असू शकतात आणि तेलकट, गरम भजी ती शाई सहज ओढून घेतात. वर्तमानपत्रात अन्न ठेवायला वा गुंडाळायला एफएसएसएआयच्या 2018च्या पॅकेजिंग नियमांनी मनाईच केली आहे. अ‍ॅल्युमिनियम फॉइल कोरड्या पोळीला चालेल. लिंबू, चिंच, टोमॅटो असलेल्या पदार्थांना नको, कारण आंबटपणाने धातू अन्नात उतरतो.

‘आजीच्या वेळचं ते सगळं उत्तम’ म्हणणाऱ्यांचीही गल्लत होते. हौसेने घेतलेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा आमटी ठेवली तर ती कळकते. आजीच्या पितळेला आतून कथलाची कल्हई असायची आणि ती झिजली की कल्हईवाला दारात यायचा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या आहार मार्गदर्शिकेतही चटणी, सांबारसारखे आंबट पदार्थ अ‍ॅल्युमिनियम, लोखंड आणि कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नयेत असं म्हटलं आहे. स्टीललाही मर्यादा आहेत. लोणच्यातल्या मिठाने स्टीलवर बारीक खड्डे पडू शकतात. म्हणून लोणच्याला चिनीमातीची किंवा काचेची बरणी आणि वर दादरा, ही जुनी पद्धत मात्र चोख आहे. काचेची बरणी फ्रीझरमध्ये ठेवणार असाल तर काठोकाठ भरू नका. पाण्याचा बर्फ होताना तो साधारण 9 टक्के फुगतो आणि काच तडकते. खोवलेला नारळ तिथे स्टीलच्या डब्यात सुखाने राहतो.

प्लास्टिक सोडणं महागात पडतं, असंही वाटतं. मेण लावलेलं कापड, सिलिकॉनची ताणाची झाकणं अशा वस्तू बाजारात चढ्या भावाने मिळतात, त्यामुळे असेल. मेणकापड ब्रेडला ठीक, पण गरम पदार्थाने त्याचं मेण सुटतं आणि कच्च्या मासे-मटणाला ते वापरायचंच नसतं, कारण ते गरम पाण्याने धुता येत नाही. आपल्याकडे फडताळात स्टीलच्या डब्यांची चळत आधीच असते. मला तरी ही खरेदी अनावश्यक वाटते.

फिल्मवर बंदी आहे, ही समजूतही बरोबर नाही. 1 जुलै 2022 पासूनच्या देशव्यापी बंदीत मिठाईच्या खोक्यांवरचं वेष्टन येतं, घरगुती फिल्मचा रोल त्या यादीत नाही. पुनर्वापराच्या साखळीत मात्र तिला जवळपास जागा नाही. एक तर ती अन्नाने माखलेली असते, शिवाय इतकी पातळ की यंत्रांत गुंतून बसते.

डब्याचा एक दोष मान्य करायला हवा: आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. चार दिवसांनी उघडलेल्या डब्यात बुरशी आलेली उसळ सापडते, आणि वाया गेलेल्या उसळीच्या नुकसानीपुढे वाचवलेली फिल्म किरकोळ ठरते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024च्या अहवालानुसार भारतीय घरांत माणशी वर्षाला सुमारे 55 किलो अन्न वाया जातं. त्यामुळे उरलेल्या अन्नासाठी फ्रिजमधला एकच कप्पा ठरवावा, डोळ्यांसमोरचा. डब्याच्या झाकणावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून पेनाने वार लिहावा. ‘उसळ, मंगळ’ एवढं पुरतं.